मुलांना गाव दाखवा, पण पुरते दाखवा



आमची धाकटी कन्या यंदा सातवीत आहे. सहामाही परीक्षेच्या आधी शाळेत तिला निबंध आला, 'माझे गाव'. तिने दोन पाने भरून लिहिला. हिरवेगार डोंगर, झुळझुळ वाहणारी नदी, पक्ष्यांचा किलबिलाट, देवळातली घंटा, कष्टाळू शेतकरी आणि एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जाणारी माणसे. बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले. रात्री जेवताना वही पुढे करून तिने विचारले, "पप्पा, आपलं गाव असंच आहे ना?"

आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. निबंधाच्या पुस्तकातून उतरवलेले ते गाव महाराष्ट्रातले कुठलेही होते आणि कुठलेही नव्हते. आमचे गाव सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. या मुलीने ते आजवर तीनदा पाहिले, आणि तिन्ही वेळा मयतीला. सकाळी पोचायचे, रात्रीच्या गाडीने परतायचे. तिला गावाची ओळख ती कशी असणार? आणि ती करून न देण्याचा दोष तिचा की आमचा?

त्याच आठवड्यात गावाहून तात्यांचा, म्हणजे आमच्या चुलत्यांचा फोन आला. "आपल्या हाडकीच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय. कालव्याचं पाणी खालच्या अंगाला आलंय, म्हणून भाव बी चांगला म्हणत्यात. सुट्टीत पोरांस्नी घिऊन ये. आत्याबी येतीया. काय ते एकदा ठरवून टाकू." वाचकांपासून काय लपवायचे? आमचा कल विकण्याकडे होता. घराचे हप्ते आहेत, मोठ्या मुलाच्या कॉलेजची फी आहे. एक एकर सहा गुंठे मुरमाड जमीन, त्यात तीन वाटे. कारकुनाच्या हिशेबात ती कुठेच बसत नव्हती. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही निघालो ते कन्येला गाव दाखवायला आणि गावातला आपला शेवटचा तुकडा मोडायला. दोन्ही कामे एकाच पिशवीत होती, हे आम्हाला तेव्हा जाणवलेही नाही.

पुण्याहून कराडला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. सातारा जिल्ह्यात शिरल्यावर कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव अशी स्टेशने मागे पडली आणि मसूर आले. गाडी मिनिटभर थांबली असेल. आम्ही कन्येला म्हणालो, "हे स्टेशन नीट बघून ठेव." तिला वाटले, इथे काही खायला चांगले मिळत असेल.

१९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव याच मसूर स्टेशनवर उतरले होते. बरोबर मोठा भाऊ आणि बहिणीची मुले. त्यांचे वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता आणि त्या मजुरीच्या पैशाचा हिशेब रामजींकडे होता. मुले येणार असल्याची चिठ्ठी रामजींच्या हाती पडली नाही, म्हणून स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. मुलांची जात कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, अशा बोलीवर ती निघाली. डबा बरोबर होता, पण पाणी नव्हते. वाटेत ओढ्याचे पाणी शेणामुताचे, आणि मध्यरात्री टोलनाक्यावरही त्यांना कोणी पाणी दिले नाही. अन्न पुढ्यात असून लेकरे उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे.

आम्ही हे सांगत होतो तेव्हा कन्येच्या मांडीवर पाण्याची बाटली होती. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "म्हणजे तलावाचा हिशेब त्यांचे वडील ठेवत होते, आणि त्यांनाच पाणी नाही?" आमच्या दुष्काळी डोंगरपट्ट्याचा इतिहास याहून थोडक्यात कोणी सांगितला असेल, असे आम्हाला वाटत नाही.

कराडचे रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला आहे. तिथून विट्याकडे जाणारी एस.टी. धरली की सुर्लीचा घाट चढून आपण कडेगावच्या बाजूला येतो. घाटाच्या अलीकडे कृष्णाकाठची काळी जमीन आणि उसाचे फड. पलीकडे आले की हवा बदलते, माती तांबूस होते आणि दोन्ही बाजूंना बोडके, सपाट माथ्याचे डोंगर उभे राहतात. सह्याद्रीला अडलेला पाऊस इथवर येईपर्यंत दमून जातो. हा सारा भाग पूर्वी खानापूर तालुक्यात आणि सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजूनही "आम्ही सातारचं" असेच येते.

कडेगाव म्हटले की मोहरमचे ताबूत. दीडशे वर्षांहून जास्त काळची ही परंपरा सांगतात. बांबूच्या कामट्या, सूत, चिकणमाती आणि रंगीत कागद यांतून उभे केलेले हे ताबूत घरांच्या छपरांच्या किती तरी वर जातात. आधी कळस आणि मग पाया, अशी त्यांची बांधणी. विशेष म्हणजे यांतले कित्येक ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे आहेत आणि भेटीच्या दिवशी ते उचलायला सगळ्या जातीधर्मांचे खांदे लागतात. आम्ही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या भेटी पाहिल्या आहेत. गावकी एकत्र आली तर केवढे उंच काही उभे करू शकते, हे पाहायचे असेल तर ते कडेगावला पाहावे.

आमच्या गावी पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. आत्या आमच्या आधीच येऊन बसली होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे, डोळ्याला कमी दिसते, पण आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "इकायचं ते मागनं बघू. आधी पोरीला रान तरी दाव."

डोंगराच्या शेताची तऱ्हाच निराळी. खालून वर पाहिले तर पायऱ्या चढत गेल्यासारखे दिसते. त्या पायऱ्या म्हणजे ताली. उतारावरून पळणारे पाणी आणि त्याच्याबरोबर जाणारी माती अडवण्यासाठी आडवे दगड रचून, आतून माती भरून हे बांध घातलेले आहेत. चुना नाही, सिमेंट नाही. मोठा दगड खाली, लहान वर, आणि फटीत चिपा ठोकलेल्या. बांधाच्या एका टोकाला पाणी काढून देणारा सांडवा. तो चुकला की एका वळवाच्या पावसात अख्खी ताल फुटून खालच्या रानात जाते. एका तालीमागे हातभर माती साठायला पिढी जाते, असे तात्या म्हणाले.

पिकांचीही उतरंड ठरलेली. अगदी वर मुरमाडात हुलगा आणि मटकी, कारण त्यांना थोडक्यात भागते. त्याखाली बाजरी, मधून मधून तुरीच्या ओळी, म्हणजे पाऊस बाजरीला दगा देऊन गेला तरी तूर काही तरी पदरात टाकते. सगळ्यात खाली, जिथे माती खोल आहे तिथे रब्बीचा शाळू. आम्ही गेलो तेव्हा बाजरीची कणसे खुडून झाली होती आणि शाळू वीतभर वर आला होता. बांधावर बोरी, बाभळी, एखादा कडुनिंब. टिटवी ओरडत होती. आत्याने हुलग्याचे माडगे करून ठेवले होते, ते पिऊन मुले खूश. पुस्तकातला किलबिलाट कन्येला इथे खरोखरच ऐकू आला. तेव्हा गाव सुंदर नाही असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ते सुंदर आहेच.

पण ते कोणी सुंदर केले? हा प्रश्न निबंधाच्या पुस्तकात नसतो.

आत्या एका तालीवर बसली आणि हाताने दगड चाचपत म्हणाली, "ह्यो बांध तुझ्या पणज्यानं घातला. रान पाटलाचं, बांध आमच्या हातचा." मग ती सांगत गेली. तिच्या आज्याकडे, म्हणजे आमच्या पणजोबांकडे येसकरकी होती. गावाचा फाळा पोचवायचा, टपाल न्यायचे, रात्री गस्त घालायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. मोबदला म्हणून सुगीला खळ्यावर बलुत्याची पेंढी आणि घरोघरची शिळी भाकरी. पण या साऱ्यात एक काम असे होते की त्याशिवाय गावाचे पान हलत नसे. ते म्हणजे हद्द. गावची शीव कुठून जाते, कोणाच्या रानाचा दगड कुठे पुरला आहे, ओढ्याने पात्र बदलले त्याआधी तो कुठून वाहायचा, हे महाराला ठाऊक. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की त्याला पुढे उभे करायचे आणि तो चालेल ती हद्द मानायची.

"सगळ्या गावाच्या जमिनीची हद्द त्याला तोंडपाठ," आत्या म्हणाली, "आन् त्याच्या नावावर काय? तर ह्यो हाडकीचा तुकडा. त्यो बी चाकरी केली तर."

वाचकहो, गावाचा वारसा म्हणून वाडे दाखवतात, देवळे दाखवतात, जुने नांगर आणि पेवे दाखवतात. दाखवावीत. पण ज्या माणसाच्या डोक्यात अख्ख्या गावाचा नकाशा होता, तो वारसा नाही काय? ज्या हातांनी ताली घातल्या त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. म्हणून ती आपण आपल्या मुलांना सांगायची. दुसरे कोणी सांगणार नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना खेड्यांबद्दल जे कठोर उद्गार काढले, ते आपण सर्व जाणतो. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट सांगितले की ही व्यवस्था संकुचितपणाची आणि अज्ञानाची आहे. मसूरच्या वाटेवर रात्रभर तहानलेले लेकरू मोठे होऊन दुसरे काय म्हणणार? आपल्या बापजाद्यांनी त्यांचे ऐकले, मुंबई-पुण्याची वाट धरली, गिरण्यांत आणि रेल्वेत कष्ट केले आणि आपल्याला शिकवले. आमचे कालकथित वडील त्यांतलेच. गाव सोडले म्हणून आम्ही बी.कॉम. झालो, हे आम्ही विसरत नाही. पण गाव सोडणे म्हणजे गावातला आपला हक्क सोडणे, असे बाबासाहेबांनी कुठे सांगितले? उलट १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी महार वतनाचा कायदा सुधारण्यासाठी बिल आणले, ते कशासाठी? चाकरीची बेडी तुटावी आणि जमीन मात्र कुटुंबाकडे राहावी, ही त्यातली दृष्टी होती.

तो कायदा व्हायला पुढे तीस वर्षे लागली. १९५८ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द केली. योगायोग असा की त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या देवराष्ट्रे या गावी, आजोळच्या घरी, १२ मार्च १९१३ रोजी झालेला. या कायद्याने वतन गेले, चाकरी गेली. जमीन सरकारजमा झाली आणि ठराविक रक्कम भरल्यावर ती त्याच कुटुंबाला नव्या शर्तीवर परत मिळायची होती. आत्याला ते दिवस आठवतात. ती म्हणाली, "आमच्या आईनं डोरलं मोडलं आन् पैसं भरलं. शेजारच्या दोन घरांस्नी जमलं न्हाय. त्येंचा तुकडा गेला." आम्ही आजवर तो सातबारा कितीदा पाहिला असेल, पण त्या उताऱ्यामागे आजीचे डोरले आहे, हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होते.

दुपारी तात्यांनी आम्हाला पाझर तलावाकडे नेले. १९७२ च्या दुष्काळातले ते काम. तेव्हा आमचा जन्मही नव्हता. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, जनावरे चाऱ्यावाचून गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. पुढे याच अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला. आमची आई तेव्हा नवी नवरी, ती इथे खडी फोडायला आणि माती वाहायला होती. दुपारी सुकडी मिळायची. तात्या म्हणाले, "त्या वक्ताला मराठ्याच्या बायाबी पाट्या उचलायच्या आन् आमच्याबी. भूक एक झाली व्हती." तलाव झाला, पाणी अडले, पण विहिरी ज्यांच्या जमिनीत, पाणी त्यांचे झाले. पाट्या वाहणाऱ्यांच्या वस्तीत नळ यायला पुढे कित्येक वर्षे गेली.

मग पाणी म्हणजे नेहमी असेच का? नाही. आमच्या शेजारीच दुसरे उदाहरण आहे आणि ते मुलांना मुद्दाम सांगावे असे आहे. येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी १९८० च्या दशकात स्वतः राबून बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. गावकऱ्यांनी ते रोखले आणि थोडी वाळू विकून धरणासाठी पैसा उभा केला. डॉ. भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळ यांच्या पुढाकाराने तिथे एक नवीच गोष्ट ठरली. पाणी जमिनीच्या एकरावर न वाटता माणसांवर वाटायचे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. पुढे १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी माणसे उभी राहिली आणि कृष्णेचे पाणी डोंगरावर आणा, पण ते समान वाटा, ही मागणी साऱ्या दुष्काळी तालुक्यांची झाली. आज ताकारी आणि टेंभू उपसा योजनांचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आमच्या भागात येते, त्यामागे ही सारी लढाई आहे. पाणी आले. समान वाटपाचे काय झाले, ते ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे.

डोंगर बदलता येतो याचा आणखी एक पुरावा देवराष्ट्र्याजवळ आहे. सागरेश्वरचा डोंगर एके काळी उघडाबोडका होता. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लावली गेली, हरणे आणून सोडली आणि १९८५ साली ते अभयारण्य झाले. साधारण पावणेअकरा चौरस किलोमीटरचे हे रान माणसांनी वाढवलेले आहे. आम्ही मुलांना तिथे नेले. चितळांचा कळप पाहून मुले हरखली. आमच्या मनात मात्र आले, ज्याला कोणी ओसाड म्हणून सोडून देतो, त्याचे काही होऊ शकते, फक्त कोणी तरी हक्काने आणि चिकाटीने त्याच्याशी बसले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर बोलणे निघाले. तात्या म्हणाले, "मला वय झालं. करणारं कोण? तुमी तिकडं. पैसं येत्यात तर घ्या." आम्ही आमचे हप्ते सांगितले. आत्या गप्प होती. तिला विचारले तेव्हा म्हणाली, "माझं नाव उताऱ्यावर हाय का?"

आम्ही कचेरीत आयुष्य काढणारी माणसे, पण तिचे नाव उताऱ्यावर नव्हते, हे आम्हाला त्या क्षणी उमगले. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली ती फक्त दोन मुलग्यांची. मुलीचे नाव लावायचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात मुलगी वारस आहे, २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलीला मुलाइतका हक्क मिळाला आणि हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. रोज दुसऱ्यांना समतेचे व्याख्यान देणारे आम्ही. आमच्याच घरात ज्या माउलीला जमिनीच्या चारी दिशा पाठ, तिचे नाव त्या जमिनीला नाही! येसकराला जे गावाने केले तेच आम्ही आमच्या आत्याला केले होते. आम्हाला शरम वाटली आणि ती इथे लिहून ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्या रात्री विक्रीचा विषय बाजूला पडला. सकाळी तात्या, आत्या आणि आम्ही तलाठी कचेरीत जाऊन आत्याच्या नावासाठी अर्ज दिला. जमीन तूर्त विकायची नाही असे ठरले. आमचा चुलत भाऊ ती कसणार, फुटलेली वरची ताल नीट करण्याचा खर्च आम्ही आणि तात्यांनी निम्मा निम्मा उचलायचा. आमचे हप्ते तसेच आहेत. मुलाच्या फीसाठी आम्ही सोसायटीचे कर्ज काढले. पुढे कधी विकायची पाळी आली तर तिघांच्या सह्यांनी, डोळे उघडे ठेवून विकू. दुखणे आले, शिक्षण अडले तर जमीन विकणे हा काही गुन्हा नव्हे. पण आपण काय विकतो आहोत हे माहीत नसताना विकणे, हे मात्र वाईट.

निघायच्या आधी आत्याने कन्येला शेताच्या कोपऱ्यावर नेले, मातीत अर्धा बुडालेल्या दगडावर तिचा हात ठेवला आणि चतुःसीमा म्हणवून घेतल्या. उगवतीला ओढा, मावळतीला पाटलाची ताल, खालच्या अंगाला गाडीवाट, वर डोंगर. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली.

परतीच्या वाटेवर आम्ही कराडला उतरून आगाशिवच्या डोंगरावर गेलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या वर्षावासासाठी कोरलेली लेणी तिथे आहेत. कराडचे जुने नाव करहाटक. भारहुतच्या स्तूपावरील दानलेखांतही या गावच्या माणसांचा उल्लेख सापडतो. लेण्यांजवळ कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. पावसाचे पाणी साठवून वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला पुरवायचे, ही त्या काळची सोय. कन्या टाक्यात वाकून पाहत म्हणाली, "इथे कोणाला नाही म्हणत नसतील ना?" आम्ही म्हणालो, "भिक्खूसंघात जात विचारत नसत." याच जिल्ह्यात डोंगरावर एके काळी असे पाणी होते आणि १९०१ साली त्याच जिल्ह्यात ते एका लेकराला मिळाले नाही. आमच्या वारशात या दोन्ही गोष्टी आहेत. एक सांगून दुसरी लपवली तर मुलांना गाव अर्धेच कळेल.

तेव्हा बंधुभगिनींनो, येत्या सुट्टीत मुलांना गावाला न्या. मयत आणि लग्न सोडून न्या. त्यांना डोंगर दाखवा, शाळू दाखवा, हुरड्याच्या दिवसांत गेलात तर हुरडा खाऊ घाला. विहार दाखवा आणि वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला आहे तेही दाखवा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ त्यांना बसवा आणि तो जे सांगेल ते वहीत उतरवून घ्या. ही वही उद्या कोणाला मिळणार नाही.

आणि एक काम विसरू नका. आपल्या नावाचा सातबारा काढा. आता तो मोबाईलवरही पाहता येतो. जमीन वतनाची असेल तर इनाम वर्ग ६ ब, भोगवटादार वर्ग २ असे शब्द दिसतील, ते पाहून घाबरू नका आणि कोणा मध्यस्थाच्या सांगण्यावर सही करू नका. फेरफार उतारा काढून वारसांची नावे बघा. बहिणीचे, आत्याचे, आईचे नाव आहे का ते बघा. विक्रीला परवानगी कोणती, नजराणा किती, हे तहसील कचेरीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

कन्येने परवा निबंध पुन्हा लिहिला, या वेळी शाळेसाठी नव्हे. त्यात पक्ष्यांचा किलबिलाट तसाच आहे. त्यापुढे शेताच्या चारी दिशा आहेत, मसूर स्टेशन आहे आणि शेवटी आत्याचे पूर्ण नाव. नाव लिहिताना तिने आम्हाला विचारले, "पप्पा, उताऱ्यावर लागलं का?" अजून लागलेले नाही. नोटीस निघाली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गावी जाणार आहोत.

जयभीम.